किटवाल्या माईकची खरखर

वर विचारलंय की घरी जोडायच्या किटमधून कंडेन्सर माईक बनवला, किट नीट जोडलं, आवाजही येतोय पण मागे सतत खरखर आहे आणि 'स' कानाला टोचतो. तर खरखरीसाठी कॅप्सूल (आवाज पकडणारा माईकचा भाग) बदलायच्या आधी प्लीज बोर्ड साफ करून बघा. कॅप्सूलपासून एफईटी नावाच्या ट्रान्झिस्टरच्या गेटपर्यंतच्या (सिग्नल आत घेणाऱ्या पायापर्यंतच्या) भागात साधारण १ गिगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १०० कोटी ओहम, आणि एवढ्या मोठ्या आकड्यापुढे बोटाचा घाम, सोल्डरिंग करताना उरलेला फ्लक्स, पावसाळ्यातली दमट हवा यातूनही करंट गळतो आणि तीच खरखर ऐकू येते. माईकला मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करून थोडं थांबा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दोन-तीनदा घासा, पूर्ण वाळू द्या. गेटचा पाय बोर्डला न लावता हवेतच अधांतरी जोडला तर उत्तमच. कॅप्सूलच्या पडद्याला मात्र काहीही लावायचं नाही, सोन्याचा थर दिलेलं काही मायक्रॉनचं प्लास्टिक आहे ते, गेलं की गेलं.

'स' टोचतो म्हणताय ते वेगळं प्रकरण. के६७ ही न्यूमन कंपनीची कॅप्सूल मुळातच वरच्या फ्रिक्वेन्सीला चढी, म्हणजे तो आवाज जास्त उचलते, न्यूमनने यू८७ या आपल्या माईकमध्ये तो चढ सर्किटमध्येच उतरवलाय, पण बऱ्याच स्वस्त माईकमध्ये कॅप्सूल त्याच धर्तीची घेतात आणि ते सर्किट गाळतात. तुमच्या किटमध्ये ते नसेल तर न्यूमनच्याच के४७ या कमी चढ्या कॅप्सूलच्या धर्तीची कॅप्सूल घ्या, मराठीतल्या च, छ, श साठी मला तरी तीच जास्त आवडते.