इजिप्तमधून सुटका झालीच नसेल, तर ज्यूंच्या ओळखीचं काय?

किनारेकर: माझं स्पष्ट मत आहे की ज्यूंना राष्ट्र म्हणून जमिनीने नाही, एका गोष्टीने टिकवलं, मोशेने त्यांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर काढल्याच्या. त्या सुटकेच्या सणाला, पेसाहच्या रात्री, घरातलं लहान पोर विचारतं, आजची रात्र वेगळी का, तर उत्तर मिळतं "आम्ही फॅरोचे (इजिप्तच्या राजाचे) गुलाम होतो". पूर्वज होते असं नाही, आम्ही! देश नाही राजा नाही, येमेनमधल्या माणसाची बोली पोलंडवाल्याला कळायची नाही, पण ही रात्र दोघांच्या घरी सारखीच.

उत्खनन: पण घडलेलंच नसेल तर? सहा लाख पुरुष, वर बायकापोरं, 40 वर्षं वाळवंटात, आणि सिनाईत एवढं शोधूनही त्या मुक्कामाची खूण नाही. इस्राएल हे नाव पहिल्यांदा सापडतं मेर्नेप्ताह फॅरोच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. 1208, आणि तिथे हे लोक कनानमध्येच, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागातच आहेत. इस्राएलच्या 1948 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं पहिलं वाक्यही वाचा, ज्यू लोक इस्राएलच्या भूमीत जन्मले असं म्हणतं, इजिप्तचं नाव नाही.

किनारेकर: अहो, त्याच्या आदल्याच वर्षी नाझी छळछावण्यांतून वाचलेले साडेचार हजारांवर लोक ज्या जहाजातून पॅलेस्टाईनकडे निघाले त्याचं नाव काय ठेवलं होतं? एक्सोडस 1947, म्हणजे तीच इजिप्तमधून सुटका! ब्रिटिशांनी त्यांना परत जर्मनीत नेऊन उतरवलं. त्या लोकांना शिलालेख दाखवणार का?

सुलभा_एम: तुम्ही दोघं गोष्ट अर्ध्यात सोडताय. ती समुद्र ओलांडून संपत नाही, पुढे मोशेनंतरचा नेता यहोशवा येतो, यरीहो शहर पडतं, आणि कनानमध्ये आधीपासून राहणारी माणसं मारली जातात. सुटकेचा भाग आपला आणि हा भाग नुसतं जुनं साहित्य, असं नाही चालणार, आज त्याच पानांवरून जमिनीवर हक्क सांगणारे लोक आहेत.

किनारेकर: मान्य, ते पान मलाही टोचतं. पण "परक्याला छळू नका, तुम्हीही इजिप्तमध्ये परके होता" हेही तिथलंच, आणि तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, ते परत परत येतं.

अलिबागची_नात: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आमची अजून एक गोष्ट आहे, नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष सात बायका वाचल्या, त्याचाही पुरावा कोणी देऊ शकत नाही. पुण्यात 1874 साली मराठी भाषांतरासकट हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, म्हणजे मोशेची गोष्ट आम्ही मराठीतच सांगत होतो. एवढं असून इस्राएलला गेल्यावर 1960 च्या सुमारास तिथले धर्मगुरू लग्नासाठी आमच्या लोकांची वंशावळ तपासायला लागले, 1964 मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं तेव्हा ते थांबलं. किनारेकर, राग नाही, पण नुसती गोष्ट पुरेशी असती तर आजीच्या आजीचं नाव कशाला विचारलं असतं?