उन्नत की भुयारी मेट्रो: खाली चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना काय बरं?

रस्तारेषा:
३० मीटर रुंदीच्या रस्त्यावर मेट्रोचे दोन पर्याय आहेत, उन्नत आणि भुयारी. चर्चा खर्चावर आणि गाड्यांच्या कोंडीवर होते. मला खालच्या रस्त्याबद्दल विचारायचं आहे. खांब आले की फूटपाथ आणि सायकल ट्रॅकला नेमकी किती जागा उरते? पुलाखाली मधोमध सायकल ट्रॅक करावा ही सूचना योग्य आहे का? आणि भुयारी केली की रस्ता जसाच्या तसा राहतो, हे कितपत खरं? सूचनापत्रात लिहिता येईल असं सांगा.

दुभाजक_२०:
आधी दोन स्टेशनांमधला भाग. साधा खांब दोन मीटरच्या आसपास जाड असतो. त्याला धडक बसू नये म्हणून भोवती कठडा येतो, म्हणजे दुभाजक ३ मीटर धरा. उरले २७, एका बाजूला साडेतेरा. त्यात वाहनांच्या दोन लेन ६.५, सायकल ट्रॅक २.२, मधली सुरक्षित पट्टी ०.५ आणि फूटपाथ ३ मीटर. बेरीज १२.२. राहिलेल्या १.३ मीटरमध्ये झाडं आणि दिव्यांचे खांब बसतात. म्हणजे इथे जागा नक्की पुरते. 'खांबांमुळे ट्रॅक शक्य नाही' असं उत्तर आलं, तर तिसरी लेन हवी आहे एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण स्टेशनापाशी होते. २.४ मीटरचा जिना, शेजारी सरकता जिना, दोन्हीकडच्या भिंती असं मिळून साडेचार मीटर जातात, आणि ते सगळं ३ मीटरच्या फूटपाथवर उतरवलं जातं. मग चालणारा सायकल ट्रॅकवर येतो आणि सायकलवाला गाड्यांमध्ये. जिने आणि लिफ्ट लगतच्या भूखंडात उतरवा, आणि ते जमत नसेल तर तेवढ्या लांबीत वाहनांची एक लेन कमी करा, हे स्पष्ट लिहा. जिन्यानंतर किमान १.८ मीटर सलग मोकळा फूटपाथ उरायला हवा. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एवढं लागतंच.

अजून दोन गोष्टी नकाशात दिसत नाहीत. पुलावरचं पावसाचं पाणी पाइपने खांबाच्या बुडाशी येतं. तो पाइप थेट गटाराला जोडलेला नसला की पाणी रस्त्यावर सुटतं आणि उतार कडेकडे असल्याने वाहत सायकल ट्रॅकवर येतं. दुसरं, खांबाखालची पाइल कॅप, म्हणजे जमिनीतला काँक्रीटचा जाड ठोकळा, खांबापेक्षा बरीच रुंद असते. तिच्या भोवतीचा भराव थराथराने दाबला नाही तर पहिल्या पावसाळ्यात खचतो. गाडीला तो खड्डा जेमतेम जाणवतो, सायकलचं चाक मात्र वाकतं.

साखळी:
मधोमध ट्रॅकबद्दल माझं मत: चौक दूरदूर असतील तरच. व्हँकुव्हरमध्ये स्कायट्रेनच्या मार्गालगतचा बीसी पार्कवे आणि मायामीत मेट्रोरेलखालचा अंडरलाइन ही उदाहरणं नेहमी दिली जातात, पण तिथे मार्गाचा बराच भाग रस्त्याच्या दुभाजकावर नाही, स्वतंत्र पट्ट्यात आहे. दुभाजकावरच्या ट्रॅकवर चढायला आणि उतरायला दर वेळी अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. दुकान, शाळा, घर सगळं कडेला, त्यामुळे दर २०० मीटरवर चौक असलेल्या रस्त्यावर असा ट्रॅक रिकामा राहतो.

त्याहून गंभीर प्रश्न नजरेचा. वळणाऱ्या गाडीला खांबाआडून येणारी सायकल दिसत नाही. ताशी ५० किमी वेगाच्या गाडीला थांबायला सुमारे ६० मीटर आधी दिसावं लागतं, ३० किमीला साधारण ३० मीटर. चौकाजवळचे खांब गाळून तिथल्या दोन खांबांमधलं अंतर वाढवणं, हे डिझाइनच्या टप्प्यावरच शक्य असतं. पाया खोदून झाल्यावर ते कुणी बदलत नाही, म्हणून हा मुद्दा सर्वांत आधी मांडा. मधोमध ट्रॅक करायचाच असेल तर वळणाऱ्या गाड्यांना आणि सायकलींना वेगळा सिग्नल हवा.

पुलाखालच्या दिव्यांचाही आग्रह धरा, आणि तोही दिवसासाठी. कडक उन्हातून सावलीत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंतचे काही सेकंद खड्डा दिसत नाही.

खोलवर:
भुयारीबद्दल. यंत्राने बोगदा खणताना दोन स्टेशनांमधला रस्ता सहसा हलतही नाही. पण स्टेशन वरूनच खणतात: सुमारे २०० मीटर लांब, २० ते २५ मीटर रुंद खड्डा, कित्येक वर्षं. ३० मीटरच्या रस्त्यात मग काय उरेल ते पाहा. वाहतुकीसाठी खड्ड्यावर पोलादी डेक टाकतात. तो पावसात गुळगुळीत होतो आणि प्लेटांमधल्या फटी प्रवासाच्या दिशेत आल्या तर सायकलचं चाक अडकतं. खडबडीत लेप आणि फटी आडव्या, ही अट निविदेतच असावी. बांधकामाच्या काळात १.८ मीटरची अखंड पायवाट हवी, हेही तिथेच लिहून घ्या. नंतर सगळं ठेकेदाराच्या मर्जीवर जातं.

आणि बोगदा 'कट अँड कव्हर' (वरून खणून, बांधून पुन्हा झाकलेला) आहे का, ते विचारा. तसा असेल तर स्टेशनांपुरतं नाही, पूर्ण रस्ताच खणला जातो. व्हँकुव्हरच्या कॅनडा लाइनसाठी केंबी स्ट्रीट असाच उघडला होता आणि तिथल्या दुकानदारांना त्याचा मोठा फटका बसला.

काम संपल्यावरही वर काही ना काही राहतंच: प्रवेशद्वारं, हवेचे शाफ्ट, लिफ्टचे डबे. जाळ्या फूटपाथवर असतील तर त्यांच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठी आणि व्हीलचेअरची पुढची चाकं अडकतात.

पायवाट:
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक मुद्दा राहिला. दोन्ही पर्यायांत 'आता स्टेशनातूनच रस्ता ओलांडा' म्हणून झेब्रा क्रॉसिंग बंद होतं. हिशेब करा. ३० मीटर सरळ चालायला २५ सेकंद. वरून जायचं तर सहा मीटर उंची, १५ सेंटिमीटरच्या पायरीने ४० पायऱ्या चढा आणि ४० उतरा. भुयारातून गेलात तर उलट क्रमाने तेच, आणि शेवटच्या गाडीनंतर दार बंद. लोक कठड्यावरून उड्या मारतात त्याचं कारण इथे आहे. जमिनीवरचं क्रॉसिंग आणि सिग्नल कायम ठेवणं ही माझ्या लेखी पहिली मागणी. ओलांडताना दुभाजकावर थांबायची जागा किमान २ मीटर खोल हवी, कारण सायकल १.८ मीटर लांब असते. क्रॉसिंग दोन खांबांच्या मध्यावर घ्या, खांबाला चिकटून नको. मूल खांबाआड पूर्ण झाकलं जातं.

रस्तारेषा:
खूप उपयोग झाला, आभार. सायकल स्टेशनात न्यायची झाली तर लिफ्ट पुरते का?

साखळी:
१.१ बाय १.४ मीटरची लिफ्ट व्हीलचेअरला पुरते. तिचा कर्ण १.७८ मीटर, म्हणजे सायकल तिरकी धरूनही बसत नाही, पुढचं चाक उचलावं लागतं. दोन मीटर खोल आणि समोरासमोर दारं असलेली लिफ्ट मागा, सायकल वळवावी लागणार नाही. जिन्याच्या कडेला चाकासाठी पन्हळ हवी, पण भिंतीला चिकटवलेली नको, हँडल कठड्यावर घासतं. मध्ये साधारण ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगा.