आमदाराने विधानसभेत गावच्या दवाखान्याचे आणि एसटीचे प्रश्न विचारायचे की नाही?

रानवाट:
अधिवेशन सुरू झालं की दरवेळी कोणीतरी म्हणतंच, की आमदार सभागृहात नळाचे आणि गटारीचे प्रश्न काय विचारत बसतात, ते सरपंचाचं, नगरसेवकाचं काम, आमदाराने कायदे करावेत. मला हे अजिबात पटत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दीड वर्ष डॉक्टर नव्हता. मेडिकल ऑफिसरची दोन पदं मंजूर, दोन्ही रिकामी. शेजारच्या केंद्रातले डॉक्टर अतिरिक्त कार्यभार म्हणून आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस नर्सताई आणि फार्मासिस्ट यांच्यावर. ग्रामसभेत ठराव झाला, तो पंचायत समितीत गेला, तिथून जिल्हा परिषदेत गेला, मी स्वतः चार निवेदनं दिली, चारही प्रतींवर पोच मिळाल्याचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. मग आमदारांनी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा. भाषा नेहमीचीच, की रुग्णांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तर आलं, 'अंशतः खरे आहे.' आणि त्यानंतर तीन आठवड्यांत डॉक्टर हजर!

म्हणजे माझ्या निवेदनाला उत्तर द्यायचं बंधन कोणावरच नव्हतं आणि त्या प्रश्नाला होतं, तेही मंत्र्याच्या नावाने, लेखी. सभागृहात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर हक्कभंग येऊ शकतो. ही ताकद गावाच्या कामी यायची नाही तर कोणाच्या?

मुळाक्षर:
डॉक्टर आला ते चांगलंच झालं, पण तो आला कुठून हे विचारलंत का?

आमच्या तालुक्यात बरोब्बर उलटं झालं. शेजारच्या मतदारसंघाच्या आमदारांचा असाच प्रश्न लागला, उत्तरात 'पद भरण्यात आले आहे' असं लिहायचं होतं, मग आमच्या केंद्रातले डॉक्टर प्रतिनियुक्तीवर तिकडे पाठवले. भरती वगैरे काही नाही, इकडची खुर्ची उचलून तिकडे ठेवली. माझ्या वहिनीला तेव्हा सातवा महिना होता, ती तपासणीला गेली तर दाराला सेलोटेपने चिकटवलेला कागद, 'वैद्यकीय अधिकारी प्रतिनियुक्तीवर', खाली ना तारीख ना परत कधी येणार ते. तिथून उपजिल्हा रुग्णालय ४० किलोमीटर, जीप बदलून बदलून गेली.

आमच्या आमदारांनी त्या अधिवेशनात आरोग्यावर काही विचारलं नव्हतं, एवढाच काय तो आमचा गुन्हा. ज्याचा आमदार बोलका त्याला डॉक्टर आणि ज्याचा गप्प त्याने जीप शोधायची, याला मी लोकशाही म्हणणार नाही. राज्यात २८८ मतदारसंघ आहेत, प्रत्येकाने फक्त आपला दवाखाना मागितला तर भरती का रखडली, डॉक्टर बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपलं की का निघून जातात, हे विचारणारा कोणी उरतच नाही. सभागृहातला प्रश्नोत्तराचा तास त्यासाठी आहे.

निवृत्त कारकून:
मी जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच आरोग्य आणि पाणीपुरवठ्याच्या टेबलावर, त्यामुळे हे प्रश्न खाली कसे येतात ते पाहिलंय. आम्ही त्याला एलएक्यू म्हणायचो, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. मंत्रालयातून आयुक्तालय, तिथून जिल्हा, तिथून तालुका आणि शेवटी फोन त्याच केंद्रावर, ज्याच्याबद्दल तक्रार आहे. 'तुमच्याकडे डॉक्टर नाहीत हे खरं आहे का, संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्या.' आधी फॅक्स यायचा, नंतर नंतर व्हॉट्सअॅपवरच.

आता खालून खरं लिहून आलं की डॉक्टर नाहीत. तालुक्याने केलं 'पद रिक्त आहे'. जिल्ह्याने केलं 'पद रिक्त असले तरी पर्यायी व्यवस्था केलेली आहे'. वर पोचेपर्यंत 'अंशतः खरे आहे' होतं. आणि कोणी धाडस करून पहिल्याच भागाला 'हे खरे नाही' लिहिलं की पुढच्या सगळ्या भागांना एकच ओळ, प्रश्न उद्भवत नाही. अशा ओळी मी स्वतःच्या हाताने टाईप केल्या आहेत आणि त्यातल्या काही वेळी प्रश्न चांगलाच उद्भवत होता हे मला ठाऊक होतं. ते आजही मनाला लागतं.

तरीसुद्धा मी रानवाट यांच्या बाजूचा आहे. त्या एका संध्याकाळी दोन-दोन वर्षं न उघडलेली फाईल उघडायची, साहेब स्वतः येऊन बसायचे. नळयोजनेची टाकी बांधून तयार, वीजजोडणीचे पैसे भरले नाहीत म्हणून कोरडी, अशी एक फाईल फक्त एलएक्यूमुळे हलली, मी बघितलंय. निवेदनाने ती कधीच हलली नसती.

दक्षिणवारा:
कारकून काका, तुम्ही जे लिहिलंत त्यातून माझं मत उलट पक्कं झालं. तक्रार ज्याच्यावर तोच उत्तराचा मसुदा करणार, मग मंत्री वाचून दाखवणार, आमदार त्याची क्लिप स्टेटसला टाकणार. 'चौकशी करू', 'बैठक लावू', झालं. आणि त्या सगळ्यात यंत्रणा आठवडाभर उत्तरं गोळा करत बसते.

शिवाय प्रश्न विचारणं ही पवित्र गोष्ट आहे असंही कोणी समजू नये. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने ११ खासदारांना काढलं. म्हणजे प्रश्नालासुद्धा गिऱ्हाईक असतं. त्यापेक्षा ग्रामसभा मजबूत करा, माहिती अधिकार वापरा, ३० दिवसांत उत्तर मिळतं, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं असतं. आमदारामागे कशाला धावायचं?

सई_ग:
ग्रामसभा मजबूत करा म्हणताय तर शहरांकडे पण बघा ना. शहरांच्या स्थानिक कारभाराला अधिकार देणारी ७४ वी घटनादुरुस्ती होऊन ३० वर्षं उलटून गेली आणि तरी २०२२ पासून किती महापालिका प्रशासकाच्या हातात होत्या. मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली, त्यापुढे तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. माझ्या वॉर्डात पाणी दिवसाआड, तेही पहाटे साडेतीनला, अलार्म लावून उठायचं आणि बादल्या भरायच्या, आणि विचारायचं कोणाला? वॉर्ड ऑफिसात म्हणायचे वरून आदेश नाहीत. त्या काळात 'हे नगरसेवकाचं काम' असं आमदाराने म्हणणं म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडणं होतं. प्रशासक सरकारने नेमलेला, मग जाब सरकारलाच विचारणार आणि ती जागा सभागृहच.

दक्षिणवारा, माहिती अधिकाराने मला काय मिळालं तर अर्धवट भरलेला तक्ता. माहिती मिळते हो, पण त्याच्यावर 'मग आता काय करणार' असा उपप्रश्न मला विचारता येत नाही. आमदाराला येतो. उत्तर धड नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात.

आणि २००५ चं सांगितलंत तर १९५७ पण सांगा. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले त्याबद्दल लोकसभेत एक प्रश्न आला, समाधानकारक उत्तर मिळालं नाही, खासदार फिरोज गांधींनी पिच्छा सोडला नाही, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. सुरुवात प्रश्नाने, पण काम झालं ते पिच्छा पुरवल्यामुळे.

मुळाक्षर:
सईताई, १९५७ चा प्रश्न 'माझ्या गावाला द्या' असा नव्हता, पैसा कुठे गेला असा होता. मी तेच म्हणतोय.

रानवाट:
मुळाक्षर, तुमचं वाचून मी काल केंद्रात जाऊन आलो. आमचे डॉक्टरपण प्रतिनियुक्तीवरच आहेत. दोन डोंगर पलीकडच्या केंद्रातून आलेत, तिथे आता एकच उरलाय आणि त्याच्याकडे बाळंतपणं, पोस्टमॉर्टेम, शाळांच्या तपासण्या सगळंच. हे मला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायला हवं होतं. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष, तिथे एक माणूस किती पुरणार.

पण यावरून प्रश्नच विचारू नये असं मी म्हणणार नाही. आमचा प्रश्न छोटा पडला. 'अमुक केंद्रात पद रिक्त' असं विचारलं म्हणून त्यांना एक माणूस हलवून सुटता आलं. 'जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत किती पदं मंजूर, किती भरलेली, त्यातली प्रतिनियुक्तीने किती, ज्या केंद्रातून माणूस काढला तिथे काय व्यवस्था केली' असं विचारलं असतं तर खुर्ची हलवण्याला जागाच राहिली नसती. आणि मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले की ते आश्वासन होतं, त्यासाठी आश्वासन समिती आहे, तिच्याकडे पाठपुरावा करायला हवा. आमदारांचं त्या क्लिपनंतर लक्ष उडतं, ही तक्रार मात्र माझीपण आहे.

निवृत्त कारकून:
हे 'प्रतिनियुक्तीने किती' नक्की घाला. ते आलं की खालच्या टेबलाला लपवता येत नाही, तक्त्यात वेगळा रकाना करावाच लागतो. आणि तारीख मागा, 'कधीपासून'. तारखेला अंशतः खरे असं उत्तर देता येत नाही.

दक्षिणवारा:
प्रश्न नीट केलात हे मान्य. पण भरती निघाली नाही तर तो तक्ता घेऊन काय करणार हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

सई_ग:
पुढच्या अधिवेशनात तोच तक्ता हातात धरून परत विचारणार.

मुळाक्षर:
माझं मत पूर्ण बदललेलं नाही, गप्प आमदाराच्या गावाचं काय याचं उत्तर मला मिळालं नाही. पण तुमचे आमदार सबंध जिल्ह्याचं विचारणार असतील तर आमचं केंद्र त्यात येऊ द्या, आम्हीपण त्याच जिल्ह्यात आहोत. काय माहिती लागेल?

रानवाट:
केंद्रात मंजूर पदं किती, रिकामी कधीपासून ते तारखेनिशी, आणि जमलं तर प्रतिनियुक्तीच्या आदेशाची झेरॉक्स, ती आस्थापना विभागात मिळेल. दारावरचा तो कागद अजून असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा.