जॉर्डनचा 2040 पर्यंतचा पाण्याचा ताळेबंद: तूट एवढी कमी कशी?

तानसाकाठ, मुलुंड
एक्सेलमध्ये जॉर्डनची मागणी-पुरवठा मांडणी करतेय. पुरवठ्यात पाऊस-भूजल, डिसी या भूगर्भातल्या जुन्या जलसाठ्याचे वर्षाला 10 कोटी घनमीटर, प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि प्रस्तावित अकाबा-अम्मान प्रकल्पाचे (अकाबाला समुद्राचं पाणी गोडं करून राजधानी अम्मानला नेण्याचा) 30 कोटी घनमीटर धरलेत. मागणी दरडोई पुरवठ्यावरून काढली. तूट जवळपास मिटते! तिथे तर आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येतं, गच्चीवरच्या टाक्यांवर भागवतात. हिशेब कुठे फसतोय?

गळतीशोधक
मॅडम, आठवड्याला मिळतं ते रेशन झालं, मागणी नव्हे. गरजेवरून दरडोई आकडा घ्या, मग गळती लावा. तिथे सोडलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्म्याचं बिलच होत नाही, पण ते सगळं मुरत नाही. चोरी आणि बंद मीटरचं पाणी कुणीतरी वापरतंच. मीटर बदलले की वसुली वाढते, पाणी नाही. म्हणून दोन वेगळ्या ओळी ठेवा. आणि टक्केवारी सोडलेल्या पाण्यावर असते: नळाला 100 हवेत, खरी गळती 25 टक्के, तर 100 भागिले 0.75, म्हणजे 133 सोडावे लागतात. बरेच जण 125 लिहितात.

भूजलवाला
डिसीचं पाणी हजारो वर्षांपूर्वीचं, पुनर्भरण नगण्य. ती मुदत ठेव आहे, मोडून खातोय आपण. वर्षागणिक शिल्लक दाखवा. सांडपाण्यालाही पक्का आकडा टाकू नका. अस-सम्रा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून ते किंग तलाल धरणामार्गे जॉर्डन खोऱ्यातल्या शेतीला जातं. सूत्र: घरगुती वापर × 0.8 (वापरातलं जेवढं सांडपाणी होतं तो हिस्सा) × गटारजोडणीचा हिस्सा. ते फक्त शेतीच्या मागणीतून वजा करा, अम्मानच्या नळातून नाही.

पंपहाउस, भांडुप
अकाबा समुद्रसपाटीला, अम्मानच्या टेकड्या हजार मीटरपर्यंत. एक घनमीटर हजार मीटर चढवायला 2.7 युनिट वीज, पंप 75 टक्के कार्यक्षम धरला तर 3.6. खारं पाणी गोडं करायला आणखी 3 ते 4. म्हणजे पाइपातलं घर्षण सोडून घनमीटरला सुमारे 7 युनिट, वर्षाला 210 कोटी! एवढं करून मिळणार रोज 820 दशलक्ष लिटर, मुंबईच्या पुरवठ्याच्या पाचव्या हिस्साएवढं. सुरू होण्याचं वर्ष वेगळ्या सेलमध्ये ठेवा, 3 आणि 5 वर्षं उशीर धरून शीट पुन्हा चालवा. देखभालीसाठी उत्पादन 90 टक्केच घ्या.

तानसाकाठ, मुलुंड
आभार. सांडपाण्याची ओळ घरगुती वापराला जोडली, तर घरचा पुरवठा कापल्यावर शेतीचंही पाणी घटतंय. हे बरोबर ना?

भूजलवाला
अगदी बरोबर, तसंच घटतं. साधारण वर्ष लावल्यावर दुष्काळी वर्षही लावून बघा.