मदत हवी आहे: कालवा, पाट, चारी, चर यातला कोणता शब्द अर्जात लिहायचा?

टेलचा_शेतकरी
कालव्याला दुसरे शब्द कोणते आणि त्यातला कोणता चालतो, आजच सांगा. उद्या सकाळी परत ऑफिसला जायचंय. अर्ज दोनदा परत आला. आधी 'कालवा फुटला' लिहिलं तर म्हणाले, तुमच्या गावात कालवा नाहीच. मग 'पाट फुटला' लिहिलं तर म्हणाले, नीट शब्द लिहा. आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) चालू आहे, माझा हरभरा सुकतोय अन् शेजारच्या रानात तळं झालंय.

गोदाकाठ
दादा, कुठला कालवा ते तर लिहा. विहिरीचा पाट का धरणाचा? जायकवाडीचा असंल तर डावा का उजवा? डावा 208 किलोमीटर आहे, उजवा 132.

टेलचा_शेतकरी
धरणाचाच, दुसरा कशाचा असणार? डावा. मानवतच्या पुढं.

निवृत्त_मास्तर
समानार्थी म्हणून कालवा, पाट, नहर, चारी हे शब्द देतात. पण शेतकऱ्याच्या तोंडी प्रत्येकाचं काम वेगळं. पाट म्हणजे वाहतं पाणी नेणारा, मग तो मोटेचा असो की धरणाचा. चर नुसता खोदलेला असतो, त्यातून पाणी वाहिलंच पाहिजे असं नाही. डोंगरउतारावरचे सलग समतल चर तर पाणी अडवून मुरवण्यासाठीच असतात. खंदकही खोदलेलाच, पण तो संरक्षणासाठी, देवगिरीला आहे तसा. आणि चर पुल्लिंगी, चारी स्त्रीलिंगी. मुलं हमखास चुकतात.

पाणचक्की
गुरुजी, नहर एका शब्दात उरकू नका. मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी बांधून जमिनीखालून आताच्या संभाजीनगर शहरात पाणी खेळवलं. मराठवाड्यात नहर म्हटलं की आधी तीच आठवते.

गोदाकाठ
इथं माणसाचं पीक वाळतंय. नहरीचा नवीन धागा काढा की.

काळी_माती
आमच्याकडं तर कालवा म्हणजे गलका. 'पोरांनो, कालवा करू नका' म्हणतात.

ठिबकवाला
पाटपाण्याचा नाद सोडा. शेततळं करा, ठिबक लावा. मी लावल्यापासून कुणाच्या दारात गेलो नाही.

गोदाकाठ
शेततळं भरायला पाणी कुठून आणायचं?

सातबारा
शेजाऱ्यानं चारी बुजवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावा.

टेलचा_शेतकरी
शेजाऱ्यानं काही केलं नाही, त्याचंच जास्त नुकसान झालंय. खेकड्यांनी भराव पोखरला होता. आधी बोटाएवढी धार होती, सकाळी बघतो तर बैल जाईल एवढं भगदाड.

पाटकऱ्याचा_मुलगा
वडील पाटकरी होते, पाटाचं पाणी सोडायचं काम करायचे, म्हणून विचारतो. अस्तर आहे का? तुमच्या शेताकडं पाणी सोडायचं दार कुठं आहे, फुटलेल्या जागेच्या वर का खाली? आणि शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेनं त्याचा ताबा घेतलाय का?

टेलचा_शेतकरी
अस्तर आहे, फरशीचं, निम्मं उखडलेलं. दार खाली, पाच-सहाशे पावलांवर. संस्था नाही.

पाटकऱ्याचा_मुलगा
मग 'चारी' लिहू नका. धरणातून निघतो तो मुख्य कालवा, त्याच्या शाखा, मग वितरिका, मग लघुवितरिका. लघुवितरिकेच्या दारातून शेतात जाते ती शेतचारी. शेतचारीची डागडुजी शेतकऱ्यांनी करायची असते. चारी लिहिलं की ऑफिस म्हणणार, तुमची तुम्ही बुजवा. तुमची फूट दाराच्या वर आहे, म्हणजे लघुवितरिका. असं लिहा: 'लघुवितरिका क्रमांक अमुक, साखळी क्रमांक अमुक, उजव्या बाजूचा भराव फुटला.' साखळी क्रमांक म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, काठावरच्या दगडावर असतो. बाजू पाणी वाहतं तिकडं तोंड करून ठरवायची.

निवृत्त_मास्तर
लघुवितरिका हा कचेरीत घडवलेला शब्द. गावात तिलाही चारीच म्हणतात. लोकांचा शब्द अर्जात का चालू नये?

पाटकऱ्याचा_मुलगा
चालायला पाहिजे गुरुजी, मलाही तसंच वाटतं. पण गावात वितरिकाही चारी, लघुवितरिकाही चारी आणि रानातलीही चारी. कुणी बुजवायची, हे त्या शब्दावरून कळत नाही. बारा तास घोळ झाला तर हरभरा जाईल.

टेलचा_शेतकरी
बाजू डावी निघाली. साखळीचा दगड गवतात सापडला, पण पहिला आकडा खपलून गेलाय.

पाटकऱ्याचा_मुलगा
त्याच्या वरचा दगड बघा, तिथून पुढं मोजा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय उठू नका.

टेलचा_शेतकरी
बॅटरी घेऊन निघालो.