बाबांची कावीळ, पित्तनलिकेत गाठ आणि ‘उद्याच स्टेंट’

हळदीचं_शेत

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बाबा 66 वर्षांचे, वाई तालुक्यात हळद करतात. हळद शिजवायच्या दिवसांत त्यांची नखं पिवळीच असतात, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईच्या लक्षात आलं ते डोळ्यांवरून. दुखत काहीच नव्हतं. ताप नाही, उलटी नाही. फक्त अंगाला खाज, तीही रात्री जास्त. आईकडून कंगव्याने पाठ खाजवून घ्यायचे. लघवी चहासारखी आणि संडास पांढुरका, हे त्यांनी खोदून विचारल्यावर सांगितलं. गावच्या रिवाजाने काविळीची माळ घालून झाली. माळ गळ्यातून पोटापर्यंत आली, बिलिरुबिन मात्र 14 वर गेलं.

सोनोग्राफीत यकृताच्या आतल्या पित्तनलिका फुगलेल्या आणि पित्ताशय आकसलेलं दिसतंय. खडा नाही. नलिका जिथे एकत्र येतात तिथे गाठ असावी, असं रिपोर्टात लिहिलंय. सीए 19-9 (कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) आलंय 480. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, एंडोस्कोपीतून स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, टाकू, कावीळ उतरली की पुढचं बघू. चुलतभाऊ म्हणतो थेट टाटाला चला. हा कॅन्सरच आहे का? ऑपरेशन होतं का यात? आणि बाबांना काय सांगू? ते मला सारखं विचारतायत, ‘लिव्हरचीच कावीळ ना गं?’

मिरजेची_माई

अगं, आधी एक सांग: ताप, थंडी वाजून येणं, गुंगी असलं काही आहे का? असेल तर पुढचं वाचत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. अडकलेल्या पित्तात जंतू झाले की माणूस काही तासांत खालावतो. तिथे पित्त मोकळं करणं हेच पहिलं काम.

तसं काही नसेल तर उद्याची घाई जरा थोपव. स्टेंट वाईट नाही, पण तो टाकायच्या आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि तिन्ही फेजचा, म्हणजे औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला, सीटी स्कॅन होऊ दे. आमच्या मिस्टरांची गाठ अशीच, वरच्या जोडावर. स्टेंट आधी पडला आणि मग स्कॅन झाले. नलिका रिकाम्या होऊन मिटल्या, वर स्टेंटमुळे आजूबाजूला सूज. मुंबईच्या सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. गाठ कुठवर गेलीय तेच नीट कळेना.

आणि या आजारात ‘कुठवर’ हाच सगळा खेळ आहे. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात ना, तशा यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नलिका एकत्र येतात आणि पुढे एकच नलिका आतड्याकडे जाते. गाठ संगमावर असेल तर एक ऑपरेशन, खाली स्वादुपिंडाजवळ असेल तर दुसरंच, आणि वर यकृताच्या आत असेल तर तिसरं. बाबांचं पित्ताशय आकसलेलं आहे म्हणजे अडथळा बहुतेक वरच आहे. खाली असता तर तेही तट्ट फुगलं असतं.

480 या आकड्याने झोप उडवून घेऊ नकोस. पित्त तुंबलं की सीए 19-9 तसाही चढतो. कावीळ उतरल्यावर परत करतात, तो आकडा जास्त कामाचा.

बाबांना सांगायचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: सांग. सगळं एका दमात नको, पण ‘लिव्हरचीच कावीळ’ असं खोटं बोलू नकोस. आमच्या घरात आठवडाभर नाटक चाललं आणि मिस्टरांनी शेवटी वॉर्डातल्या सिस्टरलाच विचारलं. तिच्या तोंडून कळलं याचा त्यांना राग जास्त आला, आजाराचा कमी.

काढा_आणि_चाकू

माईंना अनुमोदन. मी पोटविकारांच्या शस्त्रक्रियेत काम करतो. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण चित्र स्पष्ट व्हावं म्हणून लिहितो.

कॅन्सरच आहे का? शक्यता बरीच आहे, खात्री नाही. आयजीजी4 नावाचा एक आजार हुबेहूब अशीच अरुंद नलिका दाखवतो आणि स्टिरॉइडने सुधारतो, म्हणून ती रक्ततपासणी करून घ्या. पित्ताशयाचा कॅन्सर वर सरकूनही असंच दिसतं. एंडोस्कोपीत नलिकेतून ब्रशने काढलेल्या पेशींत कॅन्सर सापडला नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ही गाठ चिवट, तंतुमय असते, पेशी सहज सुटत नाहीत. त्यामुळे स्कॅन पुरेसा बोलका असेल तर सर्जन बायोप्सीवाचूनही ऑपरेशनचा निर्णय घेतात. यात काही काळंबेरं नाही.

संगमावरच्या गाठीला क्लाट्स्किन ट्यूमर म्हणतात, 1965 साली त्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली त्यावरून. ऑपरेशनात नलिकेबरोबर यकृताचा उजवा किंवा डावा भाग आणि मागचा छोटा कॉडेट लोब काढतात, मग उरलेल्या नलिका आतड्याला जोडतात. मोठं ऑपरेशन आहे, जोखीम खरी आहे. उरणारं यकृत लहान पडणार असेल तर आधी काढायच्या बाजूची पोर्टल शीर (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी) आतून बंद करतात. काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. म्हणून पित्ताचा निचरा कुठल्या बाजूने करायचा, हे ज्या सर्जनला पुढे कापायचं आहे त्याने ठरवावं. राहणाऱ्या बाजूचा निचरा महत्त्वाचा. जाणाऱ्या बाजूत विनाकारण तार-स्टेंट घातले तर तिथे फक्त जंतू शिरतात. धातूचा स्टेंट तर ऑपरेशनचा विचार संपल्याखेरीज या जागी नकोच. प्लॅस्टिकचा साधारण तीन महिन्यांत तुंबतो, पण बदलता येतो.

ऑपरेशननंतर सहसा सहा महिने कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या असतात. ऑपरेशन शक्य नसेल तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही किमोची जोडी. 2010 च्या ब्रिटिश अभ्यासात एकट्या जेमसिटाबिनवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.1 महिने होतं, जोडीवर 11.7. आता त्यात ड्युरव्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी जोडतात. फायदा आहे, पण माफक, आणि खर्च अफाट. गाठीच्या जनुकीय तपासणीत एफजीएफआर2 किंवा आयडीएच1 चे बदल सापडले तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत, मात्र हे बदल मुख्यतः यकृताच्या आतल्या गाठीत दिसतात. संगमावरच्या काही निवडक, छोट्या गाठींसाठी किमो-रेडिएशननंतर यकृत प्रत्यारोपण होतं. तो विचार असेल तर पोटातून सुई घालून बायोप्सी करू देऊ नका, पेशी पसरायची भीती असते.

कुठलीही सुई टोचायच्या आधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघा. पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला उशीर लागतो. इंजेक्शनाने ते सुधारतं.

आबा_खटावकर

कशाला या वयात कापाकापी? आमच्याकडे भुईआवळ्याच्या रसाने काविळी उतरल्यात. पंधरा दिवस पथ्य करून बघा.

मिरजेची_माई

आबा, तुमच्याकडच्या काविळी विषाणूच्या असणार, त्या पथ्यावर, रसावर आणि नुसत्या झोपून राहण्यावरही बऱ्याच वेळा उतरतात. इथे नळी बंद आहे. पंधरा दिवस या लेकीला परवडायचे नाहीत.

हळदीचं_शेत

सगळ्यांचे आभार. ताप नव्हता. डॉक्टरांना स्कॅन आधी करूया का म्हणून विचारलं, ते थोडे नाराज झाले पण चिठ्ठी दिली. फिल्मा घेऊन पुण्यात यकृताच्या सर्जनना भेटलो. गाठ संगमावर आहे आणि उजव्या बाजूला जास्त चढलीय. दूर कुठे पसरलेलं दिसत नाही. बेत असा: डाव्या बाजूने त्वचेतून नळी घालून निचरा, मग उजवी पोर्टल शीर बंद, कावीळ पुरेशी उतरली की आधी दुर्बिणीतून पोटात बघणार आणि सगळं ठीक असेल तर ऑपरेशन. महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्रांकडे कागद देऊन विचारलंय.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बेणं कुणी ठेवायचं ते आधी ठरवा.’ म्हणजे पुढच्या लावणीचं हळदीचं बियाणं. आई स्वयंपाकघरात गेली.

नळी काल बसवली. पित्त जमा होणारी पिशवी लावूनच काही दिवसांनी गावी जायचं म्हणतायत. माई, प्रवासाचं आणि पिशवीचं कसं करायचं?

मिरजेची_माई

जाऊ देत, पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पिशवी कायम कमरेच्या खाली. मी मिस्टरांच्या लेंग्याला आतून मांडीपाशी खिसा शिवला होता, सुती कापडाचा, वर नाडी. गाडीत खिडकीकडे बसव, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागून नळी ओढली जात नाही. त्वचेपाशी नळीवर पेनने खूण करून घे. खूण बाहेर सरकलेली दिसली तर समजायचं नळी हलली.

रोज एकाच वेळी पित्त मोजून वहीत लिही, रंगासकट. जास्त जात असेल तर अंगातलं पाणी आणि क्षारही जातात. आम्हाला ओआरएस दिलं होतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घे. पिशवीत रक्त दिसलं, पित्त एकाएकी थांबलं किंवा हुडहुडी भरली, तर वाईत थांबायचं नाही, सरळ पुणे. वॉर्डचा रात्रीचा नंबर आईच्या फोनमध्येही टाकून ठेव. आणि मळ्यात जाऊन वाकून काम करायचं नाही हे बाबांना तू नको सांगू, डॉक्टरांकडून वदवून घे. लेकीचं ऐकणारे बाप मी तरी अजून बघितले नाहीत.