स्कोअरमध्ये क्लॅरिनेटच्या ओळीवर ‘ए’ आणि दोनचा आकडा : दोनदा वाजवायचं का?

सोलापूरचा क्लॅरिनेटवाला
नमस्कार मंडळी. १९ वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतोय. आमचं सगळं कानावर आणि सारेगमवर. पाच रेघांचं नोटेशन आत्ता मोबाइलवर बघून शिकलो. हौस म्हणून बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा अख्खा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली वही, नव्या पेठेत झेरॉक्स करून आणला. पहिल्याच पानावर माझ्या ओळीवर ‘ए’ आणि पुढं दोनचा आकडा. मी म्हटलं, दोनदा वाजवा असंल. रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवलं, तर ते कुठल्या कुठं गेले आणि मी आपला त्याच चार सुरांत! पोरगं हसून लोळलं की ओ. शिवाय ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’, ‘पिझ्झिकातो’, ‘आर्को’ हे काय प्रकरण आहे?

जुना व्हायोलिनवाला, पुणे
दादा, ते ‘आ दुए’. स्कोअरमध्ये दोन क्लॅरिनेट एकाच ओळीवर लिहितात. ‘आ दुए’ म्हणजे दोघांनी मिळून तेच वाजवायचं. नुसता १ दिसला तर पहिल्यानंच, दुसरा गप्प. आमच्या व्हायोलिनच्या ओळीवर मात्र ‘दिव्हिसी आ दुए’ असलं की अर्थ उलटा, दोन गटांत फुटायचं. यात मीही एकदा खाल्लेत बोल.
पिझ्झिकातो म्हणजे तार बोटानं छेडायची, आर्को म्हणजे पुन्हा गज. सिम्फनीचा दुसरा भाग लावा : व्हायोला आणि चेलो गजानं चाल गातात, खाली डबल बास बोटानं. लगेच कळेल.
आणि नशीबवान आहात. त्या सुरुवातीच्या चार सुरांत तंतुवाद्यांच्या जोडीला फक्त क्लॅरिनेटच आहे. बासरी, ओबो, ट्रम्पेट सगळे बसून.

हार्मोनियमवाली
अलेग्रोचा मूळ अर्थ आनंदी, ब्रिओ म्हणजे जोम. चाल जलद, पण नुसती पळापळ नको. बेथोव्हेननं स्वतः मेट्रोनोमचा (लय मोजायच्या यंत्राचा) आकडा दिलाय : मिनिटाला १०८ ठोके, आणि एका ठोक्यात अख्खं माप, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा! क्लॅरिनेट बी फ्लॅटचं लिहिलंय, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. तुमचं तेच असणार.

सोलापूरचा क्लॅरिनेटवाला
काळी पाचच आहे ताई. आता जोडीदार शोधायला पाहिजे. आमचा ट्रॉम्बोनवाला विचारतोय, त्याला काय काम?

जुना व्हायोलिनवाला, पुणे
पहिले तीन भाग ‘टॅसेट’. वरचे बाकीचे शब्द इटालियन, हा मात्र लॅटिन आहे : गप्प बसतो. ट्रॉम्बोन थेट चौथ्या भागात येतात.

सोलापूरचा क्लॅरिनेटवाला
सांगितलं त्याला. म्हणतोय, बिदागी चारी भागांची घेणार.